पूर्णपणे पटले

एकसष्ट नंबरच्या प्रश्नावलीला जोडलेल्या लेखाच्या समासात लाल शाईची एक खूण होती. आडवी रेघ, टोकाला वर वळलेलं शेपूट, शेपटाला छोटा फास. हा शब्द गाळा, असं सांगणारी. ती खूण तिने पाहिली आणि पुढचा कागद उचलायला निघालेला तिचा हात तिथेच राहिला. दुपारचे तीन वाजून गेले होते. स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर हातांच्या घडीवर डोकं ठेवून झोपले होते, पंखा कुरकुरत होता आणि कागद उडू नयेत म्हणून तिने एकेका गठ्ठ्यावर हाताला लागेल ते ठेवलं होतं, डस्टर, खडूंची पेटी, सरांचा चष्मासुद्धा. एकशेवीस प्रश्नावल्या. प्रत्येकीला जोडलेला तोच दोन पानी लेख, तिनेच लिहिलेला. त्या लेखात छपाईच्या दोन चुका राहून गेल्या आहेत हे तिला आत्ता कळलं. एका ठिकाणी 'जागा' हा शब्द दोनदा पडला होता आणि एका वाक्याचा पूर्णविराम गळला होता. टाइप करणाऱ्या बाईंना ते दिसलं नव्हतं, मार्गदर्शक सरांना दिसलं नव्हतं, तिला स्वतःला दिसलं नव्हतं, आधीच्या साठ वाचकांनाही नाही. एकसष्टाव्या वाचकाने दोन्ही चुका धरल्या होत्या आणि ओळीच्या बरोबर समोर, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची नजर जिथे पडते तिथे, खुणा केल्या होत्या. अशा खुणा करणारं माणूस तिच्या ओळखीत एकच होतं. सकाळी त्याच माणसाला ती 'औषध घेतलंस का' एवढं विचारून घराबाहेर पडली होती.

नाव लिहायचं नव्हतंच. वय अठ्ठ्याहत्तर. व्यवसाय, निवृत्त. अक्षर सुटं, उभं, एकमेकांना धक्का न लावणारं. प्रश्न चार, लेखकाचं म्हणणं तुम्हाला कितपत पटलं? एक ते पाच. पाचाभोवती गोल होता आणि तेवढ्यावर विश्वास नसल्यासारखं शेजारी शब्दांतही लिहिलं होतं, 'पूर्णपणे पटले.' प्रश्न सहा, लेखकाचा हेतू काय असावा असं वाटतं? तिथे तीन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. लोकांनी त्यांत समाजप्रबोधन, टाइमपास, हल्लीच्या पिढीला आरसा, असं मनाला येईल ते भरलं होतं. इथे एकच शब्द होता. 'सोय.' आणि प्रश्न सात, हा लेख वाचून तुम्ही काही कृती कराल का? 'होय. केली आहे.'

काय केली आहे, ते लिहायला प्रश्नावलीत जागाच नव्हती. प्रश्नावली तिचीच होती. जागा ठेवायला हवी, असं सात वर्षांत तिला कधी सुचलं नव्हतं.

सात वर्षं ती उपरोधाच्या मागे होती. साहित्यप्रकार म्हणून उपरोध आणि मन वळवण्याचं साधन म्हणून उपरोध, असा तिच्या प्रबंधाचा लांबलचक विषय. पहिला अर्धा भाग केव्हाच लिहून झाला होता. तो सोपा होता, कारण त्यात माणसं नव्हती, नुसती पुस्तकं होती. वर्गात तो भाग ती झोकात शिकवायची. उलट बोलणं म्हणजे काय, वाढवून सांगणं म्हणजे काय, मूर्खाचा मुखवटा चढवून शहाण्यासारखं कसं बोलायचं. पहिल्या तासाला फळ्यावर 'लेकी बोले सुने लागे' एवढंच लिहायची आणि मुलांकडे वळून म्हणायची, सगळं शास्त्र या चार शब्दांत आहे. जिला बोललं जातं ती वेगळी, जिला लागायला हवं ती वेगळी. मुलं हसायची. मग ती आवाज थोडा खाली आणून सांगायची की उपरोध हा खालून वर फेकायचा दगड आहे; वरून खाली टाकला तर तो उपरोध नव्हे, ती नुसती धोंड. हे वाक्य तिचं स्वतःचं होतं आणि मुलं ते परीक्षेत लिहायची. पण दुसऱ्या भागाला पुरावा लागत होता. उपरोधाने खरंच कुणाचं मन वळतं का? मार्गदर्शक सर म्हणाले, "बाई, मत नको, आकडे आणा. एक लेख लिहा, शंभर-सव्वाशे लोकांना वाचायला द्या, विचारा." म्हणून हा लेख. निम्म्या प्रती निळ्या कागदावर, वर ठळक 'उपरोधिक लेख' असं लिहिलेल्या. निम्म्या पांढऱ्या, काहीच न सांगता. विद्यार्थ्यांनी आपापल्या भागात वाटायच्या आणि तीन दिवसांनी गोळा करायच्या. संशोधकाच्या नात्यातलं कुणी नको, हा एकच नियम. पहिल्या बाकावरच्या मुलीने दहा प्रती बागेतल्या बाकावर रोज संध्याकाळी बसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना दिल्या होत्या. त्यातली एक म्हातारी आपल्या बाईंची आई आहे, हे त्या बिचारीला कसं कळणार? आईच्या वाट्याला पांढरी प्रत आली होती.

साठ प्रश्नावल्यांतून जे निघत होतं त्याने तिचं तोंड कडू झालं होतं. ज्यांना लेखातलं आधीच मान्य होतं ते मनसोक्त हसले होते. ज्यांच्यावर तो लिहिला होता त्यांना तो शेजाऱ्यांवर वाटला होता. एकीने खाली लिहिलं होतं, 'आमच्या जावेला द्यायला आणखी एक प्रत मिळेल का?' पांढऱ्या कागदवाल्यांपैकी पाचसहा जणांनी तर सूचना उपयुक्त आहेत, लेखकाचा पत्ता कळवावा, असं लिहिलं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे सिद्ध करायला आपण सात वर्षं घालवली, असं तिला वाटायला लागलं होतं. आणि आता हा एकसष्टावा कागद. एक क्षणभर, फक्त क्षणभर, तिला आनंद झाला. एकसष्टांत पहिल्यांदा कुणीतरी लेख वाचून काहीतरी केलं होतं. मग तो आनंद कशाचा होता हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. तिने कागदाची घडी घालून तो पर्समध्ये टाकला. सरांचा चष्मा होता तिथे ठेवून दिला. सर उठले नाहीत.

लेखाचं नाव होतं 'वृद्ध व्यक्ती : जागा आणि मांडणी'. घरसजावटीचा सल्ला देणाऱ्या सदरासारखा, गोड आवाजात. तो तिने एका बैठकीत लिहिला होता, रविवारी सकाळी, एकदाही न खोडता. बसमध्ये खिडकीशी बसून तिने तो आता मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणून पाहिला, कारण तो तिला पाठच होता. वृद्ध व्यक्ती शक्यतो मागच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवावी. उजेड मिळतो आणि रस्त्यावर बघायला माणसं मिळतात, त्यामुळे घरातल्यांनी बोलण्याची गरज उरत नाही. पाहुणे यायचे असतील तेव्हा, झोप येतेय का, असं प्रेमाने विचारावं. समजूतदार वृद्धांना ती लगेच येते. त्यांनी सांगितलेली गोष्ट पूर्वी ऐकलेली असेल तर तसं ताबडतोब सांगावं, त्यांचाही वेळ वाचतो. त्यांच्या औषधांच्या वेळा पाठ असाव्यात. दुसरं काही विचारण्यासारखं सुचलं नाही तर त्या उपयोगी पडतात. मार्गदर्शक सर हे वाचून पोट धरून हसले होते. "झकास! ते औषधांचं तर फारच जमलंय." नवऱ्यानेही वाचलं होतं. तो कमी बोलणारा माणूस, पाणीपुरवठ्याच्या नियंत्रणकक्षात रात्रपाळ्या करून करून आणखी कमी बोलायला लागलेला. वाचून म्हणाला होता, "आपल्याच घरातलं लिहिलंस की." तिने ती दाद समजून घेतली होती. लेखकाने आणखी कुठून आणायचं, असं काहीतरी म्हणाली होती. म्हणताना आईच्या खोलीचं दार उघडं होतं की लोटलेलं, हे आठवायचा तिने आता प्रयत्न केला. आठवेना. ते दार कधी उघडं असतं आणि कधी लोटलेलं, याकडे तिचं लक्षच नसायचं.

आईला विनोद कळत नाही, हे त्यांच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो इतकं ठरलेलं होतं. ठरवलं होतं वडिलांनी. वडील बोलके, हजरजबाबी. कचेरीच्या वार्षिकात त्यांचं एक गमतीचं पान असायचं आणि त्या पानाची तालीम घरी, जेवताना चालायची. तालमीला पात्र एकच, आई. "वा! आज मीठ घालायचं लक्षात राहिलंय. इतकं लक्षात राहिलंय की दोनदा घातलंय." आई वाढता वाढता थांबायची, पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची आणि आत जायची. वडील लेकीकडे बघून डोळा मिचकावायचे. "हिला कळलंच नाही." आणि लेक खिदळायची. कळण्याच्या बाजूला असणं, केवढं सुख होतं ते! घरात तीन माणसं आणि त्यातली दोन एका बाजूला. आई छापखान्यात मुद्रितशोधक होती. एकतीस वर्षं तिने शाळेची पुस्तकं, आगगाड्यांची वेळापत्रकं, निविदा, शोकपत्रं असं सगळं तपासलं. ओळीखाली पट्टी धरून, एकेक अक्षर. ती म्हणायची, मजकूर वाचायचा नसतो, मजकूर वाचायला लागलं की चुका दिसत नाहीत. वडिलांनी याचाही विनोद केला होता. आमच्या बायकोने आयुष्यात हजार पुस्तकं वाचली, एकाचाही अर्थ लागला नाही. लेक नऊ वर्षांची असताना घरी वीसेक पाहुणे जमले होते आणि तिने आईची नक्कल केली होती. छापखान्यात एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने ताडून पाहायचं, अशी पद्धत असते. त्या सवयीने आई घरी आलेली पत्रंही विरामचिन्हांसकट वाचायची. नक्कल अशी होती, की आई देवाघरी गेली आहे आणि दारावरची पाटी वाचते आहे. "स्वर्ग उद्गारचिन्ह आत येऊ नये पूर्णविराम." पाहुणे लोळायचे बाकी राहिले. वडिलांनी तिला उचलून घेतलं. आई दारात पाण्याचे पेले घेऊन उभी होती. ती शेवटपर्यंत थांबली आणि म्हणाली, "आवाज जरा मोठा काढ. मागच्यांना ऐकू जात नाही." त्यावर जो हशा झाला तो नकलेपेक्षा मोठा होता. बघा, हिला कळलंच नाही.

बस वळणावर थांबली, सुटली. समोरच्या बाकावर एक बाई मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडत होती, बांधत होती. आईचं ते वाक्य तिने चाळीस वर्षं बावळटपणाचा नमुना म्हणून जपलं होतं, नवऱ्याला सांगितलं होतं, एकदा तर वर्गातही. आवाज मोठा काढ, मागच्यांना ऐकू जात नाही. आता तेच वाक्य तिने पट्टी धरून वाचल्यासारखं हळू वाचलं आणि तिच्या कानशिलात गरम वाटायला लागलं. समजा तिला कळत होतं. पहिल्यापासून, प्रत्येक वेळी, मिठाचं, पुस्तकांचं, स्वर्गाचं, सगळं. समजा ती न कळल्यासारखं करत होती, कारण कळलंय असं दाखवलं असतं तर हसावं तरी लागलं असतं किंवा रडावं तरी लागलं असतं, आणि तिला दोन्ही करायचं नव्हतं. खालून वर फेकायचा दगड म्हणे. त्या जेवणाच्या टेबलावर दगड कोणत्या दिशेने जात होते? ती नऊ वर्षांची होती, ही सबब नवव्या वर्षापुरती चालली असती. रविवारी सकाळी लेख लिहिला तेव्हा ती अठ्ठेचाळीसची होती.

आणि केली आहे म्हणजे काय केली आहे? हा प्रश्न स्टाफरूमपासून तिच्याबरोबर होता. फोन करावा असं दोनदा वाटलं. केला नाही. फोनवर काय विचारणार, औषध घेतलंस का? वडील गेल्यावर आई तिच्याकडे आली, त्याला सहा वर्षं झाली. मागची खोली तिला दिली. कुणी कधी तिला वावगं बोललं नाही. जेवण वेळेवर, डॉक्टर वेळेवर. कुणालाही विचारा, लोक म्हणतील लेकीने आईचं सोनं केलं. म्हणतातही. तिला एकदम राग आला, आईचाच. चांगल्या वागण्याची अशी शिक्षा असते का? शेजारच्या जावांना, सुनांना बोललं होतं. हिने का लावून घेतलं? पण हा राग तिला टिकवता येईना. पकडल्या गेलेल्या माणसाचा राग होता तो.

दार तिने स्वतःच्या किल्लीने उघडलं. नवरा पाळीवर गेलेला. मागच्या खोलीत आई पलंगावर बसली होती आणि तिच्यासमोर कपड्यांच्या चार चळती होत्या. खाली बॅग उघडी.

"आज लवकर सुटलीस?" आई म्हणाली.

"आई, तू बागेत एक कागद भरून दिलास."

"हो. पोरगी गुणाची आहे. पेन्सिल देत होती. मी म्हटलं, माझ्याकडे पेन असतं."

"अगं, तो लेख म्हणजे, ते खरं नव्हतं. ते सगळं उलटं होतं. त्याला उपरोध म्हणतात. माझ्या प्रबंधासाठी मीच लिहिलाय तो."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू लिहिलास ते. पहिल्या चार ओळींत कळलं. आणि उलटा आहे तेही कळलं. बेबी, मी एकतीस वर्षं लोकांचं लिहिलेलं तपासलं. त्यातलं निम्मं उलटंच असायचं." आईने एक टॉवेल एका चळतीतून उचलून दुसरीत ठेवला. "आणि तुझ्या वडिलांबरोबर संसार केला. तिथे काय सरळ बोलणं होतं?"

ती पलंगाच्या कडेवर बसली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं आहे, असं काहीतरी भलत्याच वेळी तिच्या मनात आलं. "मग पाच का केलंस? पूर्णपणे पटले असं का लिहिलंस?"

"पटलं म्हणून."

"आई, तिरकं बोलू नकोस."

"मी नाही गं बोलत तिरकं. मला येत नाही ते, तुम्ही दोघंच म्हणायचात ना." हे आई अगदी साध्या आवाजात म्हणाली. मग तिने उशीखालून एक पाकीट काढलं. आत छापील अर्ज होता, नीट भरलेला. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी एक वृद्धनिवास होतं. बागेतल्या बाकावरची एकजण तिथे राहायला गेली होती. पहिल्या तारखेला दोघींच्या खोलीत एक जागा रिकामी होणार होती. सोमवारी लेख वाचला, मंगळवारी आई रिक्षाने जाऊन अर्ज घेऊन आली. घरात कुणाला पत्ता नाही. मंगळवारी रात्री सगळे एका टेबलावर जेवले होते, आणि तिने विचारलं होतं, रात्रीची गोळी घेतलीस का?

"जवळच्या नातेवाइकाची सही लागते," आई म्हणाली. "ती तेवढी राहिली आहे."

"मी नाही करणार सही. लेख वाचून कुणी घर सोडतं का? चेष्टा होती ती! वाढवून लिहिलेलं असतं सगळं."

"बरं." आईने उशाकडून चष्मा घेतला, पुसला, घातला. मग पाकिटातून लेखाची प्रतही काढली. बाकावरच्या दुसऱ्या कुणाची तरी मागून ठेवली असावी. ती तिने लेकीच्या मांडीवर ठेवली. "एक वाक्य दाखव. फक्त एक. वाढवून लिहिलेलं. तेवढं दाखवलंस की मी हा अर्ज फाडते, कपडे परत कपाटात लावते."

तिला वाटलं, हे सोपं आहे. अतिशयोक्ती शोधणं हे तर तिचं कामच. वीस वर्षं मुलांना पेन्सिलीने खुणा करायला लावत होती, कुठे लेखक खरं सोडून वर चढतो ते दाखवा म्हणून. तिने पहिलं वाक्य वाचलं. मागची खोली. खिडकी. ती खिडकीकडे बघायचं टाळून खाली गेली. पाहुणे आणि झोप. गेल्या महिन्यात मार्गदर्शक सर सपत्नीक आले होते आणि आई आठ वाजता झोपली होती. ऐकलेली गोष्ट. "हे सांगितलंयस आई", असं ती म्हणायची, दर वेळी, हसत. त्यात वाईट काय, असं तिला वाटायचं. औषधं. ती पान उलटून मागच्या बाजूला गेली. मजकूर लिहिताना तिला जे चुरचुरीत वाटलं होतं ते आता एकेक करून घरातल्या वस्तूंसारखं जागच्या जागी दिसत होतं. लिहिताना तिने काही बनवलं नव्हतं, नुसतं उचललं होतं. आणि शेवटून तिसऱ्या ओळीला तिचा जीव भांड्यात पडला.

"हे!" ती जवळजवळ ओरडलीच. "हे बघ. 'वृद्ध व्यक्तीचा एक चांगला फोटो, चेहरा बरा आहे तोवरच, साध्या भिंतीसमोर एकटीचा काढून ठेवावा. ऐनवेळी धावपळ होत नाही.' हे मी मनानं घातलंय. असं कोण करतं?"

आई चष्म्यावरून लेकीकडे बघत राहिली. वाट पाहिल्यासारखी नव्हे, एखाद्या मुलाला उत्तर येतंय का ते बघावं तशी. आणि मग तिला आठवलं. गेल्या वर्षी, दवाखान्यातून आईला घरी आणल्यावर आठवड्याभराने. ठेवणीतले कपडे घाल, म्हणाली होती. केस विंचर. इथे नको, कपाट दिसतंय, त्या भिंतीसमोर बस. जरा हस. आई हसली होती. मी पण येतो ना फोटोत, असं नवरा म्हणाला होता आणि तिने त्याला हाताने बाजूला केलं होतं. तो फोटो तिच्या फोनमध्ये होता. का काढला, हे तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. लेखातच पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही गंमत म्हणून.

तिने कागद मांडीवर पालथा घातला. तिला लाज वाटली. लाज या शब्दाच्या आजूबाजूला तिला एरवी किती शब्द सुचले असते, पण ही नुसतीच लाज होती, आणि ती तोंडाला, हातांना, सगळ्या अंगाला लागली होती.

"तू हेतू विचारला होतास," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, सोय आहे ही. लिहून टाकलं की मोकळं. मला कळतंय मी कशी वागते, हे जगाला सांगितलं की मग बदलायला नको. तुझे वडीलही असेच. रात्री म्हणायचे, मी तुला फार बोलतो, मी दुष्ट आहे. किती छान म्हणायचे! सकाळी परत तेच."

"मी बदलेन, आई."

"चूक दाखवली म्हणजे सुधारली असं नसतं. मी एकतीस वर्षं नुसत्या खुणाच केल्या. सुधारणारा जुळारी वेगळा असायचा. कधीकधी तो माझ्या खुणांकडे बघायचासुद्धा नाही, पुस्तक तसंच छापून यायचं." आईने चळतीवरून हात फिरवला. "तुझं लिहिणं चांगलं आहे. खरंच सांगते. एक शब्द इकडचा तिकडे करायला नको. म्हणून तर पटलं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. त्याचा सूचनेचा आवाज येत राहिला, मग थांबला. तिने क्षणभर आईचा हात धरला. हात हलका होता आणि कोरडा.

"नको जाऊस," ती म्हणाली.

"का?"

आईने खरोखर विचारलं होतं. तिरकं नव्हतं त्यात काही. एक कारण दिलं असतं तर आई थांबली असती, हे लेकीला दिसत होतं. आईचे दोन्ही हात कपड्यांवरून निघून मांडीत आले होते. लेकीने तोंड उघडलं. तुझ्याशिवाय घर सुनं होईल. मला तू हवी आहेस. जी जी वाक्यं आली ती तिने आधी ऐकली, जशी ती सगळी वाक्यं ऐकते, आणि ती सगळी तिच्याच लेखातून आल्यासारखी वाटली, त्याच गोड आवाजात. तुझ्याशिवाय घर सुनं होईल, असं म्हणावं. वृद्धांना बरं वाटतं. तिने दुसरं वाक्य शोधलं, सरळ, कुणाचीही नक्कल नसलेलं. वेळ जात होता. आई वाट पाहत होती. आणि त्या शोधाच्या खाली, पार तळाशी, काहीतरी सैल होत होतं. पहिल्या तारखेनंतरची सकाळ तिला दिसली. घाई नसलेली. कुणाला काही न विचारता घराबाहेर पडता येईल अशी. तिला बरं वाटलं. बरं वाटतंय हे तिला कळलं, आणि तरी वाटायचं थांबलं नाही.

"तिथे तुला करमायचं नाही," ती शेवटी म्हणाली.

आईने मान हलवली, हे उत्तरही तिला पुरेसं असल्यासारखी. मग तिने अर्ज पुढे केला, खाली टेकायला एक जाड मासिक दिलं आणि आपलं पेन उघडून दिलं. सहीची जागा अर्जाच्या तळाशी होती. लेकीने सही केली. तिची सही मोठी, वळणदार, वर्गातल्या मुलांना हेवा वाटावा अशी होती. आईने अर्ज घेतला, चष्मा सारखा केला आणि ओळीखाली बोट धरून तो वरपासून खालपर्यंत वाचला, सावकाश, एकेक अक्षर.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

लेकीने तारीख घातली.